देवघराची किल्ली कुणाकडे?

2017 च्या मे महिन्यात पोर्ट्समथ फुटबॉल क्लबच्या मालकांनी मतदान केले. प्रश्न एकच होता : क्लब विकायचा का? मालक म्हणजे कुणी आखाती शेख किंवा अमेरिकी फंड नव्हे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या आरमारी शहरातली साधी माणसे. चार वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या दोन हजारांहून अधिक जणांनी माणशी हजार पौंड काढून मरणपंथाला लागलेला क्लब विकत घेतला होता. आता डिस्नेचे माजी प्रमुख मायकेल आयझनर त्याचे 56 लाख 70 हजार पौंड मोजायला तयार होते, वर आणखी एक कोटी पौंड क्लबात घालू म्हणत होते. मतमोजणी झाली तेव्हा दहातली आठ मते विक्रीच्या बाजूने पडली होती.

चाहत्यांची मालकी हे एक खूळ आहे असे मानणारे लोक हा दाखला हमखास तोंडावर फेकतात. ज्यांच्या हातात आली त्यांनीच विकून टाकली, मग तुम्ही कशाला गळा काढता? प्रश्न रास्त आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पोर्ट्समथने 2008 मध्ये एफए कप हा इंग्लंडचा मानाचा चषक जिंकला. ज्या संघाने तो जिंकला त्याचे पगार क्लबच्या मिळकतीत बसणारे नव्हते. 2009-10 च्या एकाच हंगामात क्लबला चार मालक लाभले, आणि फेब्रुवारी 2010 मध्ये दिवाळखोरीपायी प्रशासकाच्या ताब्यात जाणारा तो प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वांत वरच्या थरातला पहिला क्लब ठरला. देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही सामन्यांना प्रथमोपचारासाठी उभी राहणारी धर्मादाय संस्थासुद्धा होती. खेळाडूंना लाखो पौंड, आणि पट्टी बांधणाऱ्यांची बिले थकलेली! 2013 पर्यंत क्लब घसरत घसरत चौथ्या थराच्या उंबऱ्यावर आला. त्या एप्रिलमध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने तो घेतला, दीड वर्षात जुनी देणी फेडली, आणि 2017 मध्ये चौथ्या थराचे विजेतेपद मिळवले. त्याच महिन्यात ते मतदान झाले.

म्हणजे चाहत्यांनी विकला तो खंक क्लब नव्हता. मोडका संसार त्यांनी उभा केला होता. पण फ्रॅटन पार्क या घरच्या मैदानाचे जुने स्टँड दुरुस्तीला आले होते, तो खर्च हजार-हजार पौंडांच्या वर्गणीत भागणारा नव्हता. विकताना त्यांनी एक गोष्ट मात्र केली. क्लबचे नाव, रंग, शहर अशा वारशाच्या बाबींवर चाहत्यांचा शब्द राहावा म्हणून एक वेगळे मंडळ ठेवून घेतले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर घर विकले, पण देवघराची किल्ली कमरेला राहू दिली. मी तिथे असतो तर बहुधा विरोधात मत दिले असते. पण मत द्यायला मिळाले हीच तर मालकी. त्याआधीच्या चार मालकांनी क्लब एकमेकांच्या गळ्यात बांधला तेव्हा गावाला कुणी विचारले होते?

क्लब चाहत्यांचा असावा, निदान मतांचे बहुमत त्यांच्याकडे असावे, असे मला वाटते. त्याचे कारण भावनिक नाही. 'क्लब म्हणजे आमचा श्वास' वगैरे भाषणे मला स्वतःला फार वेळ ऐकवत नाहीत. कारण बाजाराचे आहे. साबण आवडला नाही तर आपण दुसरा घेतो. हॉटेलची मिसळ बिघडली तर समोरच्या हॉटेलात बसतो. गिऱ्हाईक निघून जाईल या धाकाने धंदा सरळ चालतो. फुटबॉलमध्ये हा धाकच नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला माणूस आपल्या पेठेचा संघ हरायला लागला म्हणून समोरच्या पेठेचा झेंडा हाती घेणार आहे का? पोर्ट्समथचा चाहता दर मोसमाला तिकीट महाग झाले म्हणून शेजारच्या साउथॅम्प्टनच्या संघाकडे जाणार नाही, मेला तरी. जे गिऱ्हाईक पळूच शकत नाही त्याला नाडणे सर्वांत सोपे. बाहेरचा दरवाजा बंद असेल तर आत बोलायचा हक्क तरी पाहिजे. तो हक्क नुसत्या तक्रारपेटीचा असून चालत नाही, तो मताचा लागतो.

हा हक्क नसला की काय होते ते विम्बल्डनने पाहिले. 1889 मध्ये स्थापन झालेला हा छोटा क्लब 1977 मध्ये फुटबॉल लीग या व्यावसायिक लीगमध्ये आला आणि 1988 मध्ये त्याने लिव्हरपूलला 1-0 हरवून एफए कप नेला. 1991 मध्ये प्लाउ लेन हे घरचे मैदान सुटले, दुसऱ्याच्या अंगणात खेळणे सुरू झाले, आणि पुढे ती जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. मग मालकांनी सांगितले की क्लब मिल्टन कीन्सला न्यायचा आहे. लंडनपासून सुमारे 80 किलोमीटर लांब, साठच्या दशकात आखलेले नवे शहर. 28 मे 2002 रोजी इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी परवानगी दिली. चाहते क्लब नव्याने उभा करू म्हणत होते, त्यावर आयोगाचे म्हणणे असे की राखेतून तसा क्लब उभारणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही.

हे वाक्य त्या चाहत्यांनी पुढे टी-शर्टवर छापायचे तेवढे बाकी ठेवले असेल. महिन्याभरात विम्बल्डनच्या सार्वजनिक माळरानावर त्यांनी खेळाडूंची निवड चाचणी घेतली. दोनशेवर पोरे आली. काउंटीच्या लीगमध्ये, म्हणजे कितीतरी थर खाली, सुरुवात केली. 2003 आणि 2004 या काळात सलग 78 लीग सामने हरले नाहीत. नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून 2011 मध्ये 'एएफसी विम्बल्डन' हा त्यांचा नवा क्लब फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. जुन्या प्लाउ लेनपासून हाकेच्या अंतरावर नवे मैदान बांधताना 2019 च्या अखेरीस पैसे कमी पडले, तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदारांना मोठा हिस्सा देऊन मोकळे होण्याचा मोह होताच. सभासदांनी त्याऐवजी रोखे काढले आणि 50 लाखांहून अधिक पौंड एकमेकांकडून, ओळखीपाळखीतून गोळा केले. नोव्हेंबर 2020 मध्ये मैदान सुरू झाले ते कोविडमुळे रिकाम्या स्टँडसमोर. ज्यांनी बांधले ते घरी टीव्हीसमोर बसून होते.

इंग्लंडच्याच 'बरी' नावाच्या क्लबची गोष्ट याच्या उलट. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. डिसेंबर 2018 मध्ये तो एका पौंडाला विकला गेला. नव्या मालकाने नंतर रेडिओवर सांगून टाकले की बरी नावाचा फुटबॉल संघ आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हते! ऑगस्ट 2019 मध्ये लीगने क्लबला बाहेर काढले. घर विकायचे तर आपल्याकडे शेजारी चौकशी करतात, घेणारा कोण, कुठला. 133 वर्षांचा क्लब विकताना तेवढीही कुणी केली नाही.

इथवर लिहिणे सोपे होते. चांगल्या गोष्टी चाहत्यांच्या आणि वाईट गोष्टी धनिकांच्या असे चित्र रंगवून थांबलो असतो तर टाळ्याही मिळाल्या असत्या. पण मी ऊसपट्ट्यातल्या तालुक्यात वाढलो आहे. सभासदांची मालकी म्हणजे काय आणि ती कशी सडते, हे मला फुटबॉलमधून शिकावे लागले नाही.

आजोबांकडे कारखान्याचा एक शेअर होता. त्या शेअरवर दिवाळीला सवलतीची साखर यायची, आणि वर्षातून एकदा वार्षिक सभेचे निमंत्रण. एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. मंडपात पुढच्या रांगा सकाळपासून भरलेल्या, बसलेले बरेचसे चेअरमनच्या गटाचे. अहवाल वाचला असे समजण्यात आले. विषय क्रमांक एक : मंजूर, मंजूर. विषय क्रमांक दोन : मंजूर. मागून कुणीतरी उठून कर्जाबद्दल विचारले, तर माइक बंद झाला. आजोबा घरी येताना एवढेच म्हणाले, "चहा बरा होता." पुढे तो कारखाना कर्जात गेला. महाराष्ट्रात असे किती गेले, लिलावात कुणाच्या हाती लागले, हे वाचकांना मी सांगायला नको.

आता बार्सिलोनाकडे पाहा. मालक आहेत एक लाखाहून कितीतरी जास्त सभासद, अध्यक्ष निवडून येतो, ब्रीद असे की हा नुसता क्लब नाही. ऑगस्ट 2021 मध्ये अध्यक्ष जुआन लापोर्ता यांनी जाहीर केले की क्लबवर 135 कोटी युरोंचे देणे आहे. त्याच महिन्यात मेस्सी रडत रडत निघून गेला, कारण त्याचा पगार नियमांत बसवणे शक्य नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात क्लबने लीगच्या टीव्ही हक्कांच्या मिळकतीतला पाव हिस्सा 25 वर्षांसाठी विकला. आजचा सण साजरा करायला नातवाचे पीक गहाण टाकणे म्हणतात ते हेच. कुठल्या शेखाने हे केले नाही. निवडून यायचे तर मोठा खेळाडू आणायचा, आणला की कर्ज पुढच्या अध्यक्षाच्या माथी. आपल्याकडे गाळप हंगामाआधी दराची घोषणा करून निवडणूक मारतात, तसेच.

रेआल माद्रिदची तऱ्हा आणखी ओळखीची आहे. तिथेही सभासदच मालक. पण 2012 मध्ये घटनेत बदल झाला : अध्यक्षपदाला उभे राहायचे तर 20 वर्षे सभासद असायला हवे, आणि क्लबच्या अंदाजपत्रकाच्या 15 टक्के रकमेची बँक हमी स्वतःच्या मालमत्तेवर द्यायला हवी. आता अशी माणसे माद्रिदमध्ये किती निघणार? फ्लोरेंतिनो पेरेझ 2013 मध्ये बिनविरोध आले, 2017 मध्ये बिनविरोध, 2021 मध्ये बिनविरोध, 2025 मध्येही बिनविरोध. 'बिनविरोध' हा शब्द ऐकला की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोक्यात काय वाजते ते मला माहीत आहे. आणि एप्रिल 2021 मध्ये बारा बड्या क्लबांनी मिळून बंद दाराची, म्हणजे आपली जागा कायम राखणारी, सुपर लीग जाहीर केली, तेव्हा धनिकांच्या मालकीचे सहाही इंग्लिश क्लब रस्त्यावरचा राग पाहून दोन दिवसांत मागे फिरले. सभासदांच्या मालकीचे बार्सिलोना आणि माद्रिद तिला त्यानंतरही चिकटून राहिले.

हे सगळे ठाऊक असूनही मी चाहत्यांच्या बाजूने का? सहकारी कारखाना बुडाला म्हणून सहकार खोटा ठरत नाही, असे सांगून सुटका करून घेता येईल, पण ते पुरेसे नाही. माझे म्हणणे असे आहे की बार्सिलोना आणि आमच्या त्या कारखान्यात बिघडली ती सभा. सभासद इतके की कुणाला कुणाची ओळख नाही, निवडणूक पॅनेलची, हिशेब सभेआधी हातात पडत नाहीत, आणि उभे राहण्याचा अधिकार पैसेवाल्यापुरता. विम्बल्डनमध्ये संचालक सामन्यानंतर त्याच बारमध्ये बीयर पितो जिथे त्याला जाब विचारणारे उभे असतात. मालकी दोन्हीकडे सभासदांची, पण एकीकडे माइक बंद करता येतो आणि दुसरीकडे येत नाही.

शिवाय सभासदांच्या क्लबात अध्यक्षाला निदान घालवता येते. जोसेप मारिया बार्तोमेउ यांच्यावर अविश्वास ठराव आणण्यासाठी बार्सिलोनाच्या सभासदांनी 2020 मध्ये सह्या गोळा केल्या; मतदान होण्याआधीच ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. उशीर झाला, पण गेले. मँचेस्टर युनायटेडचे चाहते 2005 पासून ग्लेझर कुटुंबाविरुद्ध ओरडत आहेत. त्या कुटुंबाने क्लब घेतला तो बव्हंशी कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवले. वीस वर्षे झाली, ओरडणे चालूच आहे.

मधला रस्ता जर्मनीने काढला. तिथे 1998 पासून नियम आहे : क्लबची कंपनी करा, भांडवल आणा, पण मतांचे पन्नास टक्के अधिक एक सभासदांच्या मूळ संस्थेकडे राहिले पाहिजे. बायर्न म्युनिकमध्ये आदिदास, आउडी आणि अलियान्झ मिळून 25 टक्के, बाकी 75 टक्के संस्थेकडे. नियमाला पळवाटा आहेत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कारखान्यांच्या कामगारांचे क्लब म्हणून सवलतीत बसतात, आणि लाइपझिगने मोजकेच मताधिकारी सभासद ठेवून नियमाचे अक्षर पाळले आणि जीव काढून घेतला. बायर्नची सलग अकरा विजेतेपदांची मालिका 2024 मध्ये तोडली ती सवलतवाल्या लेव्हरकुसेननेच. हा टोला आमच्या बाजूच्यांनी निमूट खाल्ला पाहिजे.

पण त्या नियमाची खरी ताकद दिसली ती डिसेंबर 2023 नंतर. लीगच्या भावी टीव्ही मिळकतीतला आठ टक्के हिस्सा वीस वर्षांसाठी एका गुंतवणूक फंडाला, सुमारे शंभर कोटी युरोंना द्यायचा ठराव आला. 36 क्लबांपैकी 24 जणांचा होकार लागत होता. मिळाले नेमके 24. हॅनोव्हरच्या मूळ संस्थेने आपले प्रतिनिधी मार्टिन किंड यांना विरोधात मत द्यायचा आदेश दिला होता. मतदान गुप्त होते, आणि आपण काय केले हे किंड यांनी तेव्हा सांगितले नाही. झाले! आठवड्यामागून आठवडे सामने थांबू लागले. स्टँडमधून टेनिसचे चेंडू आले, सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी आली, रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या धूर सोडत मैदानात फिरल्या. 21 फेब्रुवारी 2024 रोजी लीगने हा व्यवहार सोडून दिला. टेनिसचे चेंडू इंग्लंडमध्येही मिळतात. पण तिथे ते फेकणाऱ्याच्या हातात मतपत्रिका नसते. जर्मनीत क्लबच्या प्रतिनिधीला शेवटी सभेत त्याच लोकांपुढे उभे राहायचे होते.

पैशाचा आक्षेप राहतोच. चाहत्यांच्या मालकीचा क्लब प्रीमियर लीग जिंकणार का? आजच्या घडीला नाही, आणि उगीच आशा दाखवण्यात अर्थ नाही. लेस्टरने 2016 मध्ये ती जिंकली तेव्हा मालक थायलंडचे विचाई श्रीवद्धनप्रभा होते, गावाचे लाडके. 2018 मध्ये हेलिकॉप्टर कोसळून ते गेले तेव्हा शहर रडले. चांगले मालक असतात. पण मालक चांगला निघणे हे सासर चांगले निघण्यासारखे आहे, त्यावर कायदा बेतता येत नाही. इंग्लंडलाही हे पटले असावे. 2025 च्या फुटबॉल कायद्याने स्वतंत्र नियामक आणला. आता बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर चाहत्यांच्या बहुमताचा पाठिंबा दाखवावा लागेल. कार्डिफच्या मालकाने 2012 मध्ये निळ्या संघाला लाल कपडे घातले होते, ते आता इतके सोपे राहणार नाही. मालकी त्यांनी दिली नाही. नकाराचा थोडा हक्क दिला.

आपल्याकडे तेवढाही नाही. मोहन बागानने 2020 मध्ये फुटबॉल संघाचे बहुसंख्य शेअर एका उद्योगसमूहाला दिले आणि 1889 पासून चालत आलेल्या नावापुढे त्या समूहाच्या आधीच्या संघाचे 'एटीके' हे नाव लागले. चाहते तीन वर्षे ते काढा म्हणून निदर्शने करत राहिले. मार्च 2023 मध्ये संघाने इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला आणि त्या आनंदात मालकांनी नाव बदलत असल्याचे जाहीर केले. लोक नाचले. मला मात्र ते जत्रेत पाटलाने उधळलेल्या बक्षिसीसारखे वाटले. संघ त्या रात्री हरला असता तर?

आणि पुणे-मुंबईची कथा तर सांगायलाही थोडी आहे. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद. तिच्या जागी आलेल्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेला पुणे एफसी बंद. मुंबई एफसी 2017 नंतर दिसेनासा. 2019 मध्ये एफसी पुणे सिटीचा खेळ आटोपला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. गोव्यातल्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी 2016 मध्ये आय-लीग सोडली. यांतले बहुतेक क्लब उद्योगसमूहांचे होते, पैशाला तोटा नव्हता. मग टिकले कोण? कोल्हापूरच्या तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. मालक म्हणावा असा कुणी नाही, पेठ आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकाने लवकर बंद होतात. तिथे सगळे गोड आहे असे नाही : पुढाऱ्यांचा पैसा आहे, हिशेब विचारणारी सभा नाही, आणि मारामाऱ्या होतात. पण हा संघ उद्या नाशिकला नेतो म्हणणारा माणूस पेठेतून बाहेर कसा पडतो ते बघायला मला आवडेल.

तेव्हा महाराष्ट्रात कुणी उद्या नवा क्लब घेऊन आला तर जर्मनीसारखा नियम मागण्याआधी एक सोपी गोष्ट करता येईल. आपल्याकडची मोठी मैदाने सरकारची किंवा महापालिकेची आहेत. बालेवाडी कुठल्या उद्योगपतीने बांधलेली नाही. मैदान द्यायचे तर भाडेकरारात एक कलम घालावे : क्लबचे नाव, चिन्ह, रंग आणि शहर चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेच्या ताब्यात राहतील, सभासदाला एक मत, आणि तिच्या होकाराशिवाय यांतले काही हलणार नाही. सभासदत्व शंभर रुपयांत खुले, हिशेब सभेआधी पंधरा दिवस हातात, अध्यक्षाला दोनपेक्षा जास्त मुदती नाहीत. कारखान्यांत जे राहून गेले ते इथे पहिल्याच दिवशी लिहून घेता येईल. असे कलम 2019 मध्ये असते तरी पुण्याचा संघ वाचलाच असता असे नाही. पण जागा हैदराबादला जाण्याआधी कुठल्यातरी मंडपात ते मताला टाकावे लागले असते, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठला असता.